कल्याणी, रजनी आणि आमचा सात-बारा

(दहावी १९९०च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरापोरींनो,

पन्नाशी ओलांडलेल्यांना पोरं म्हणायची सोय आज एवढ्या एका दिवसापुरतीच आहे, म्हणून म्हणून घेते. संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं आणि एक विषय दिला आहे. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘टीव्हीवरची आवडती स्त्री व्यक्तिरेखा’. वाचलं आणि हसू आलं. कारण याच विषयावर मी नववीत, याच शाळेत, एक निबंध लिहिला होता. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. त्यांनी मला दहापैकी सहा मार्क दिले होते आणि खाली लाल शाईनं लिहिलं होतं, ‘व्यक्तिरेखा पुस्तकातील घ्यावी.’ बाई, मी ती वही जपून ठेवली आहे. आज सोबत आणलेली नाही, घाबरू नका.

त्या काळी टीव्ही किती जणांकडे होता ते आठवा. आमच्या आळीत दोन. एक डॉक्टरांकडे आणि दुसरा बाईंकडेच, लाकडी शटरचा, कुलूप लावायची सोय असलेला. आपण वीस-वीस पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसायचो. एक जण गच्चीवर अँटेना धरून उभा असायचा आणि खालून ओरडायचं, “आलं, आलं... गेलं!” अँटेना धरणारा आज कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवतो आणि आत्ता मागच्या रांगेत हसतो आहे. त्यानं बहुतेक मालिका नुसत्या ऐकल्याच आहेत.

पहिली मालिका ‘हम लोग’. १९८४ साल, आपण पाचवीत. हिंदी निम्मं कळायचं नाही, पण बडकी, मझली आणि छुटकी या तिघी बहिणी कळायच्या. घराघरात अशा तिघी होत्याच. मझलीला नटी व्हायचं होतं, म्हणून ती बिघडलेली, असं आमच्या आया ठरवून टाकायच्या. छुटकीला डॉक्टर व्हायचं होतं, ती चांगली. बडकीचं लग्न जमत नव्हतं, तिच्याविषयी त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उसासे टाकायच्या. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ती मालिका दीडशेहून अधिक भाग चालली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन आजोबांसारखे चार शब्द बोलायचे.

मग आली १९८५ सालची ‘रजनी’. बासू चटर्जींची मालिका आणि आपली प्रिया तेंडुलकर. आपली म्हणजे खरोखरच आपली, विजय तेंडुलकरांची मुलगी. साडी नेसलेली, खांद्याला पर्स, आणि समोर दिसेल त्या गैरकारभाराला सरळ जाब विचारणारी. गॅसचा सिलिंडर असो, टॅक्सीवाला असो, कुणीही असो. नवरा झालेला करण राझदान बिचारा मागे मागे.

आमच्या घरी गॅस नव्हता, रॉकेल होतं. रेशनच्या रांगेत माझी आई दर महिन्याला पाच लिटरचं कॅन घेऊन उभी राहायची आणि घरी येईपर्यंत ते साडेचार लिटर झालेलं असायचं. ‘रजनी’चे पाच-सहा भाग बघून झाल्यावर एक दिवस आई घरातलं मापाचं भांडं घेऊन गेली. म्हणाली, “आधी यात ओता.” रांगेतले लोक हसले. दुकानदार म्हणाला, “या, रजनीबाई आल्या!” त्या महिन्यात माप पुरं मिळालं. पुढच्या महिन्यापासून आमचं कार्ड सगळ्यांत शेवटी घेतलं जाऊ लागलं. आणि गावभर आईचं नाव पडलं ‘रजनी’. लोक ते कौतुकानं घेत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. भांडखोर बाईला आपल्याकडे एक नवीन नाव मिळालं, इतकंच. आई मात्र शेवटपर्यंत भांडं घेऊन जात राहिली.

आता माझ्या खऱ्या आवडतीकडे येते. १९८९, आपण नववी-दहावीत असताना ‘उडान’ लागली. कल्याणी सिंह. एका साध्या घरातली मुलगी, वडिलांवर जमिनीच्या वादात झालेला अन्याय डोळ्यांनी बघते आणि पोलीस अधिकारी व्हायचं ठरवते. कविता चौधरीनं ती मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीचं कामही स्वतःच केलं. तोपर्यंत आपण त्या बाईंना साबणाच्या पावडरीच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणून ओळखत होतो! वडील होते आपले विक्रम गोखले. त्यांचं ते न ओरडता दुखावलेलं राहणं मला अजून दिसतं. आणि ते जिल्हाधिकारी, शेखर कपूर. त्यांच्याविषयी आपल्या वर्गातल्या मुलींचं काय मत होतं ते गुरुजनांसमोर सांगत नाही.

मला कल्याणी का आवडली? ती सुंदर दिसायची म्हणून नाही, ती शूर होती म्हणूनही नाही. ती अभ्यास करायची. फॉर्म भरायची, परीक्षा द्यायची, प्रशिक्षणात पडायची-धडपडायची. अधिकार हा एका दिवसात अंगात येत नाही, तो पायरीपायरीनं मिळवावा लागतो, हे मी टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं. रजनीकडे नुसती जीभ होती. कल्याणीला समजलं होतं की जिभेला सही-शिक्क्याची जोड लागते.

कल्याणी खरी होती हे मला नंतर कळलं. कविता चौधरीची मोठी बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य, १९७३च्या तुकडीच्या आयपीएस, किरण बेदींच्या नंतरच्या. २००४ साली त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात एखाद्या राज्याच्या पोलिसांची प्रमुख झालेली ती पहिली बाई. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मी तलाठी कार्यालयात बसले होते. मला इतका आनंद झाला की कोतवालाला चहा सांगितला. त्याला वाटलं माझी बदली झाली.

तर तलाठी. आयपीएस नाही, तलाठी. माझ्यासोबत एक जण होती जिनं हीच शपथ घेतली होती. माझ्या शेजारच्या बाकावरची. ती एसटीनं सहा किलोमीटरवरून यायची. गणितात माझ्यापेक्षा खूप हुशार, आणि उंचीही पोलिसात शोभेल अशी. माझी तर भरतीच्या पट्टीखालीच अडली असती. दोघींनी बाईंच्या अंगणात ठरवलं होतं की आपण दोघी कल्याणी व्हायचं. बारावीनंतर तिचं लग्न झालं. मी बी.ए. झाले, परीक्षा देत राहिले, आणि १९९८ला तलाठी म्हणून लागले. पुढचं मी तिला विचारून सांगते आहे. ती “सांग” म्हणाली, फक्त नाव घेऊ नको म्हणाली. तुम्ही सगळे ओळखालच, पण निदान मी नियम पाळला.

२००७ साल. माझ्या सझात तिचं माहेरचं गाव होतं. तिचे वडील वारले आणि तिचे दोघे भाऊ वारस नोंदीचा अर्ज घेऊन आले. प्रतिज्ञापत्रात वारस तीन : आई आणि दोन मुलगे. मी विचारलं, “मुली?” थोरला म्हणाला, “मुलगी नाही, मॅडम.”

जिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी पाच वर्षं खाल्ली, ती मुलगी नाही! मी काही बोलायच्या आत धाकट्यानं मला ओळखलं आणि त्याची मान खाली गेली. मग म्हणाला, “आहे, पण ती दिल्या घरी सुखी आहे. तिला काय करायचंय?”

मंडळी, हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की टंकलेखनाच्या परीक्षेला द्यावं. १९५६च्या वारसा कायद्यापासून वडिलांच्या मिळकतीत मुलगी वारस आहे. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतका हक्क दिला. पण कायदा आणि फेरफार नोंदवही यांच्यामध्ये गावातली चार माणसं उभी असतात. ‘मुलगी नाही’ असं सगळ्यांनी सांगितलं की कागदावर ती नसते. मी त्या दिवशी तिचं नाव लिहिलं. सगळ्यांना रीतसर नोटिसा काढल्या, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली. कुणाची हरकत आली नाही. पुढे मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि सात-बारावर तिचं नाव चढलं. घरी येताना मी स्वतःला कल्याणी समजत होते, खोटं कशाला सांगू.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. मला वाटलं आभार मानेल. ती रडत होती आणि चिडली होती. “तुला कुणी सांगितलं होतं गं? दादा म्हणतो, तूच मैत्रिणीला सांगून हे केलंस. माझं माहेर तुटलं.” मी कायदा सांगायला लागले. ती म्हणाली, “कायदा मला कळतो. तू तुझ्या भावाला सोडून दिलंस ना? मग माझ्या वेळी का शहाणपणा?”

हे खरं होतं. २००१ साली, आमचे वडील गेल्यावर, मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. तलाठी असताना. रोज लोकांना तो कागद समजावून सांगत असताना. भावानं मागितली नव्हती, आईनं जेवताना नुसतं म्हटलं होतं, “तुझं आता तिकडे सगळं आहे.” मापाचं भांडं घेऊन जाणारी आई. मी दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही करून आले. माझं माहेर शाबूत राहिलं. आजही भाऊबीजेला साडी मिळते, पुरणपोळी मिळते, वहिनी प्रेमळ आहे. माझ्या सहीचं प्रेम किती आणि माझं किती, हे मी कधी मोजायला गेले नाही.

आम्ही दोघी पाच वर्षं बोललो नाही. आपल्या २०१०च्या छोट्या मेळाव्याला ती आली नव्हती, ते माझ्यामुळे. तुम्ही मला विचारत होता आणि मी “काय माहीत” म्हणत होते.

मधल्या काळात टीव्ही रंगीत झाला होता, मोठा झाला होता. सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकरची ‘दामिनी’ होऊन गेली होती, पत्रकार होती ती. ‘आभाळमाया’तली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी मला आवडली, कारण नवऱ्यानं दुखावल्यावरही ती सकाळी उठून कॉलेजात शिकवायला जायची. त्यानंतरच्या मालिकांविषयी मी फार बोलणार नाही. झोपतानाही दागिने घालणाऱ्या आणि दुसऱ्याच्या दुधात काहीतरी मिसळणाऱ्या बायका आमच्या सझात तरी मला भेटल्या नाहीत. इस्टेटीसाठी डाव टाकणाऱ्या बायका त्या मालिकांत इतक्या, आणि इकडे आमच्या कार्यालयात इस्टेट सोडायला आलेल्या बायकांची रांग.

२०१२च्या दिवाळीनंतर ती कार्यालयात आली. न सांगता. सोबत थोरला भाऊ. त्याला सोसायटीचं पीककर्ज हवं होतं आणि सात-बारावरच्या सगळ्या खातेदारांची संमती लागत होती. ती खुर्चीवर बसली, संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, “मोठ्यानं वाच. सगळं. तारखेसकट.” मी वाचलं. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. तिनं दोन ठिकाणी थांबवून प्रश्न विचारले, अगदी गणिताच्या तासाला विचारायची तसे, आणि मग सही केली. भाऊ बाहेर गेल्यावर मला म्हणाली, “पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी आला. सहीसाठी का होईना, यायला लागलं.”

मला माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचं नाव अजून सात-बारावर आहे. जमीन भाऊच कसतात. दर वर्षी दोन पोती ज्वारी तिच्याकडे पोचते. थोरली वहिनी अजून बोलत नाही. पोती मोजून घेते का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, “वजन करून घेते.”

कविता चौधरी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेल्या. कांचनताई त्याआधीच, २०१९ला. ती बातमी आली त्या रात्री बाराच्या सुमारास मला हिचा मेसेज आला. एकच ओळ : ‘आपली कल्याणी गेली गं.’ त्यावर आम्ही दोघी दीड तास फोनवर होतो. बाईंचं अंगण, शटरचा टीव्ही, शेखर कपूर, सगळं निघालं. माझ्या हक्कसोडपत्राचंही निघालं. ती म्हणाली, “तुझं तू केव्हा वाचणार?” मी त्याची नक्कल काढून आणली आहे. वाचून झाली आहे. पुढे काय करायचं ते भावाशी बोलल्यावर ठरेल, आणि ते बोलणं या दिवाळीत आहे.

माझी दहा मिनिटं संपली, घंटा वाजवणारे सर माझ्याकडे बघत आहेत. बाई, त्या निबंधाचे चार मार्क अजून बाकी आहेत. जेवणाच्या सुट्टीत येते तुमच्याकडे. ती तिसऱ्या रांगेत बसलेली पण येते म्हणते, साक्षीदार म्हणून.