पिशवीतली चित्रवही

रेडिओवरून शिवण शिकवायची म्हणजे अंधारात सुई ओवण्यासारखंच आहे, पण आज करून बघते. हाताशी एखादा कोरा कागद असेल तर घ्या. भाकरी थापत असाल तर उठू नका, नुसतं ऐका. कृती अवघड नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईला तर अजिबातच नाही.

आज मी सांगणार आहे चित्रांची छोटी वही घरी कशी शिवायची. तळहाताएवढी, पिशवीत मावणारी, सपाट उघडणारी आणि पानं न सुटणारी.

मला ती का लागली, ते आधी सांगते. माझ्या सासूबाईंच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी आणि एक आकृती, जिचं नाव मी कधी विचारलंच नाही. तीस वर्षं मी तो हात रोज पाहिला. आपल्याकडे म्हणतात ना, माणसाबरोबर दुसरं काही जात नाही, गोंदण तेवढं जातं. सासूबाई गेल्या तेव्हा ते खरंच गेलं. दिवस झाल्यावर आठवून काढायला बसले, तर तुळस जमली, विंचू जमला, पण ती आकृती काही केल्या कागदावर उतरेना. ठिपके पाच होते की सात, यावर माझं आणि जाऊबाईंचं अजून जमत नाही.

तेव्हा ठरवलं, माहेरी आईच्या हातावरचं तरी उतरवून घ्यायचं. एकदा कॅलेंडरच्या पाठीवर काढलं. ते पान कुणीतरी चुलीत घातलं. मग बाजारातून जाड डायरी आणली. तिची पाठ नुसती डिंकाने चिकटवलेली. उन्हाळ्यात डिंक वाळून तडकला आणि पानं खुळखुळायला लागली. सुट्या कागदाचं असंच असतं. जुन्या पोथ्यांची पानं सुटी असत, म्हणून त्या फडक्यात बांधून ठेवत. शिवलेल्या हस्तलिखिताला बाड म्हणत. रामदासी मंडळींची अशी कितीतरी बाडं धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहेत. म्हणजे शिवण टिकते, हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही.

आता सामान. ए-फोर आकाराचे जाड ड्रॉइंगचे १० कागद. १२० जीएसएम म्हणून मागा, शाई पलीकडे फुटत नाही. गोधडीचा जाड दोरा, मेणबत्तीचा तुकडा, मोठ्या नाकाची सुई, एक दाभण. पुठ्ठ्याऐवजी जुन्या गोधडीचा तुकडा.

कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. एका बाजूने घडी गुळगुळीत बसते, दुसऱ्या बाजूने ती खरबरीत होते, तडकते. ए-फोर कागदात धागा बहुतेक लांबीच्या बाजूने असतो. म्हणून कागद लांबीत मधोमध कापून दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध दुमडायचा, की घडी बरोबर धाग्याच्या दिशेने येते. हातकागद घेतलात तर ही भानगड नाही, त्यात तंतू सगळीकडे पसरलेले असतात. माझं माहेर जुन्नरकडचं. पेशव्यांच्या काळात जुन्नरी कागद नावाजलेला होता, आणि आज मी स्टेशनरीच्या दुकानातून ए-फोर आणते! असो.

१० कागदांचे २० तुकडे झाले. चार-चार तुकडे एकात एक घालून दुमडा. घडीवर चमच्याची पाठ दाबून फिरवा. कोथिंबिरीच्या जुडीसारखी ही कागदाची जुडी समजा. एका जुडीची १६ पानं, अशा पाच जुड्या, म्हणजे ८० पानं.

कागदाची एक पट्टी जुडीच्या उंचीएवढी कापा. तिच्यावर तीन खुणा करा. एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून दोन-दोन सेंटिमीटर आत. हीच पट्टी सगळीकडे लावायची, दरवेळी नव्याने मोजायचं नाही. जुडी अर्धवट उघडून घडीवर पोत्याच्या घडीत दाभणाने तीन भोकं पाडा, आतून बाहेर.

गोधडीचा तुकडा जुडीपेक्षा थोडा उंच ठेवा. रुंदीला पुढची बाजू, मग दोन सेंटिमीटरची पाठ, मग मागची बाजू आणि वर गुंडाळायला हातभर नाही, पण चार-पाच बोटं जास्त. कडा दुमडून शिवून घ्या. पाठीवर पाच उभ्या रेघा ओढा, दोन रेघांत ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर. प्रत्येक रेघेवर पट्टीने तीन खुणा. झाली १५ भोकं.

आता शिवण. हातभर दोरा घ्या, मेणावरून दोनदा ओढा. पहिली जुडी पहिल्या रेघेवर ठेवा आणि मधोमध उघडा. सुई मधल्या भोकातून बाहेर काढा, कापडाच्या पाठीवर. आत चार बोटं दोरा सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आत आल्यावर मधलं भोक सोडून द्या, सरळ खालच्या भोकातून बाहेर जा. मग बाहेरून मधल्या भोकातून परत आत. आधीच्या दोऱ्यातून सुई जाऊ देऊ नका. आता दोन्ही टोकं आत आली. मधे जो लांब दोरा उभा गेलाय, त्याच्या एका अंगाला एक टोक, दुसऱ्या अंगाला दुसरं. त्याच्यावर गाठ मारा, पुन्हा एक मारा. एक जुडी झाली. बाकी चार अशाच.

दोरा ओढताना घडीच्या रेषेत ओढा, वर खेचू नका. माझी पहिली वही याच चुकीने फाटली. दोरा करकचून वर ओढला आणि त्याने कागद सुरीसारखा चिरला. गोधडीत आपण असाच टाका घट्ट करतो, तीच सवय. कागद एवढा सोसत नाही.

या शिवणीत मला आवडतं ते हे, की प्रत्येक जुडी वेगळी बांधलेली असते. एकीचा दोरा तुटला तर दुसरी सुटत नाही. पान खराब झालं तर तेवढी एक जुडी उसवून नवी शिवा. खळ किंवा डिंक लावायचा नाही, म्हणून कसर आणि झुरळंही कमी लागतात. बाहेर पाठीवर पाच रांगांत लांब टाके दिसतात, अगदी गोधडीच्या धावदोऱ्यासारखे. आमच्या गटातल्या एकीने रंगीत दोरा घेतला. माझ्यापेक्षा तिची वही देखणी झाली, हे मान्य करायला मला आठ दिवस लागले.

मग मी ती वही घेऊन माहेरी गेले. नारायणगावला एसटी बदलायची, तिथे अर्धा तास बसून पहिल्या पानावर समोरच्या भेळवाल्याची गाडी काढली, हात मोकळा व्हावा म्हणून. घरी आईला सांगितलं, हात दे. ती म्हणाली, "आता काय ठेवलंय त्यात, पुसट झालंय सगळं." कातडी सैल पडलेली, त्यामुळे आकृत्या लांबलेल्या. मग आईने स्वतःच दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरली आणि एकेक सांगायला लागली. ही तुळस, ही चार बोटं, हे ठिपके गोंदणारीने फुकट घातले. गोंदायला शेरभर जोंधळे दिले होते. रडले म्हणून आजी ओरडली होती. मी चित्र उजव्या पानावर काढलं आणि ती जे बोलली ते डाव्या पानावर लिहिलं. मधेच एका आकृतीवर आले आणि थांबले. सासूबाईंच्या हातावरची ती हीच होती, किंवा हिच्यासारखी. आई म्हणाली, "अगं, हा पाळणा."

दोन जुड्या भरल्यात. मावशी ओतूरला असते, तिच्या दोन्ही हातांवर आहे, असं आई म्हणते. येत्या रविवारी निघतेय. दाभण बरोबर घेतलंय, मावशीच्या सुनेला वही शिवून बघायची आहे.