काचबिंदूची शस्त्रक्रिया : धोका कोणाला आणि केव्हा?



मोतीबिंदू काढला की दिसू लागते, हा अनुभव आता घरोघरी आहे. काचबिंदूचे तसे नाही. या शस्त्रक्रियेने गेलेली दृष्टी परत येत नाही; डोळ्यातील दाब उतरवून उरलेली राखता येते, एवढेच. त्यामुळे पुढे काही उपद्रव झाला, तर रुग्णाला तो अन्यायच वाटतो. म्हणूनच त्याचा विचार आधी व्हावयास हवा.

डोळ्यातील द्रवाला बाहेर पडण्यास नवी वाट करून द्यावयाची, हे या शस्त्रक्रियेचे तत्त्व. तो द्रव वरच्या पापणीआड, पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली लहानशा फुगवट्यात साठतो व शोषला जातो. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयातील रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९०९ मध्ये बारीक गोल छिद्र पाडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. (हेच इलियट पुढे दोरीच्या जादूची भाकडकथा खोडून काढण्याच्या मागे लागले होते!) त्या उघड्या छिद्रातून द्रव कधी फार वेगाने वाहून डोळा मऊ पडे, काहींना वर्षांनंतर जंतुसंसर्ग होई. १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी छिद्रावर श्वेतपटलाची झडप ठेवली आणि तो वेग पुष्कळसा आवरला.

तरीही सर्वांना धोका सारखा नसतो. तरुण वय, त्याच डोळ्यावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, मधुमेहामुळे बुबुळावर फुटलेल्या नव्या रक्तवाहिन्या, वर्षानुवर्षे घातलेले थेंब — अशा डोळ्यांत जखम जोमाने भरून येते आणि नवी वाट बुजते. एरवी जखम भरावी म्हणून आपण धडपडतो; येथे भरणेच नडते! ते रोखण्यास मायटोमायसिन वापरतात, पण त्याने फुगवटा पातळ होऊन झिरपू शकतो. मोठ्या ऋण नंबराच्या तरुणाचा डोळा फार मऊ पडून पडद्याला सुरकुत्या येतात. वृद्धांत, विशेषतः रक्तदाब असता किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असता, डोळ्याच्या आत रक्तस्रावाचे भय असते. खोकला व कुंथणे तेवढ्यासाठी टाळावयाचे. ही औषधे परस्पर बंद करू नयेत, मात्र डॉक्टरांपासून लपवूही नयेत.

संसर्गाचा धोका शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही उरतो. पापण्यांच्या कडा सुजलेल्या असल्या किंवा फुगवटा झिरपत असला, तर अधिकच. उज्जैनकरांना येथे एक सांगावे लागते. पर्वकाळी क्षिप्रेत बुडी मारल्यावाचून स्नान पुरे झाल्यासारखे आपल्याला वाटत नाही. ज्यांच्या डोळ्यावर असा फुगवटा आहे, त्यांनी खांद्यापर्यंत उतरावे; तोंड बुडवू नये. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट स्राव आला वा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दुकानातून थेंब आणून वाट पाहण्यात जे एक-दोन दिवस जातात, तेवढ्यात डोळा जाऊ शकतो. आणि डॉक्टर नवीन असतील, तर जुनी शस्त्रक्रिया प्रथम सांगावी. वरची पापणी उचलल्याशिवाय तो फुगवटा सहसा दिसत नाही.