न पिणाऱ्याचे यकृत



आज आधी एक कबुली देते. पाड्यावरच्या एका काकांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "काका, पुन्हा प्यायला लागलात का?" ते खाली बघत राहिले. मोहाची दारू सोडून त्यांना १२ वर्षे झाली होती. त्यानंतर दोन महिने ते तपासणीला आलेच नाहीत. पुढे माझ्याच तपासणीत तेच निघाले, आणि मी तर कधी थेंबही घेतलेला नाही.

हे होते कसे? जेवणातली जादा साखर आणि पिष्ट यांची यकृत चरबी बनवते. पोटाचा घेर वाढला की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मग अंगावरची चरबी रक्तात सुटते आणि तीही यकृतात येऊन साठते. ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की तो आजार समजतात. काहींच्या यकृताला पुढे सूज येते, आत व्रण धरतात आणि अनेक वर्षांनी सिरोसिस होतो. सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. अंगाने बारीक माणसालाही हा आजार होऊ शकतो.

आमच्या पाड्यांवर नागली, वरई आणि रानभाजी मागे पडली. पॉलिशचा तांदूळ, गोड चहा, बिस्किटे आणि रंगीत थंडपेये आली. पायी चालणेही कमी झाले. यात आपलाही हात आहे. नाताळच्या भेटीच्या पिशव्यांत आपण दरवर्षी बिस्किटे आणि सरबताच्या बाटल्याच भरतो.

चांगली गोष्ट ही, की यकृत सावरते. वजन जास्त असल्यास ते हळूहळू ७ ते १० टक्के उतरवले, तर चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. उपाशी राहून झटपट वजन उतरवू नये. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा.

मी काकांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आता आम्ही दोघे एकाच दिवशी तपासणीला जातो.

आपल्याला दोन विनंत्या: यंदाच्या पिशवीत नागलीचे पीठ आणि भाजलेले शेंगदाणे द्या. आणि कुणाचे यकृत बिघडल्याचे ऐकले, तर आधी त्याची विचारपूस करा. न्याय करू नका.