बॅटरी उशाशी नको

जबलपूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर. उन्हातून आलेली ई-बाइक लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर बॅटरी निवू द्या.

लिथियम पॉलिमरचा सेल मऊ पाकिटात असतो, धातूचं कवच नसतं. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चढवायचं नाही, ३ च्या खाली उतरवायचं नाही. म्हणून घेतानाच बीएमएस आहे का विचारा. ते सेलवर पहारा ठेवणारं सर्किट. चार्जरही त्याच बॅटरीचा हवा, पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा नको. पाकीट फुगलं की बॅटरी बाद. टाचणी टोचून हवा काढायला निघणारे महाभागही असतात!

वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला होती. पहाटे स्फोट झाला, घरचे झोपेत. सात वर्षांचा मुलगा गेला. आमच्या खमरियात दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथला माल कुणी उशाशी घेऊन झोपतं का? दाराजवळही नको, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. जागे असताना, व्हरांड्यात, उघड्या फरशीवर लावा. महिनाभर गावी जाणार असाल, तर पूर्ण भरून ठेवू नका. निम्मी पुरे.