स्वस्त, महाग आणि परवडणारं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेले काही आकडे इथे घातले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बचतीचा कानमंत्र’ असं छापलंय. मंत्रबिंत्र माझ्याजवळ काही नाही. उभी नोकरी बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे बिल हातात आलं की खालच्या बेरजेआधी वरचा तपशील वाचायची खोड लागली आहे. त्या खोडीतून सुचलेलं थोडं सांगतो. माझ्यानंतर मुलांचे नाच आहेत हे मला माहीत आहे, तेव्हा फार वेळ घेत नाही.

खरेदीबद्दल पेपरात, टीव्हीवर जे सल्ले येतात ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या माणसासाठी असतात. चार दुकानं फिरा, भाव काढा, मग घ्या. आपण लोट्यात राहतो. एका बाजूला खेड, दुसऱ्या बाजूला परशुराम घाट उतरला की चिपळूण. मिक्सरचा एक पार्ट आणायचा तरी अर्धा दिवस आणि पेट्रोल जातं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, पुढच्या वर्षी चौपदरीकरणासाठी घाट रोज काही तास बंद ठेवत होते, तेव्हा आपण किती दुसऱ्यांवर अवलंबून आहोत ते प्रत्येक घराला कळलं. तेव्हा इथला हिशेब वेगळा मांडायला हवा. वस्तूची किंमत अधिक तिथवर जाण्यायेण्याचा खर्च अधिक ती बिघडल्यावर कोण येणार, ही झाली लोट्यातली किंमत.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. मृग लागायच्या आत आगोटीची खरेदी व्हायची. तांदूळ, डाळी, मीठ, मसाला, आमसुलं, पापड, सुकी मासळी, सगळी चार महिन्यांची बेगमी. भाव उतरलेला असताना, माल कोरडा असताना, एकदम घ्यायचं. आणि बऱ्याचदा वाडीतली चार घरं मिळून एकच गाडी करायची. भाड्याची विभागणी व्हायची. याला आता मॅनेजमेंटच्या पुस्तकात काहीतरी मोठं नाव असेल.

हीच चार घरांची गाडी कोकणी माणसाने मुंबईतही नेली. १९४८ साली नायगावला गिरणी कामगारांनी आपल्या सहकारी दुकानाची सुरुवात केली, त्याचाच पुढे ‘अपना बाजार’ झाला. त्या गिरणगावात आपल्याकडचे चाकरमानी किती होते ते मी तुम्हाला सांगायला नको. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांची. त्यांची युक्ती मला फार आवडते. दुकानच काढायचं नाही! शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल घाऊक भावाने एकत्र उचलायचा आणि कुणाच्या तरी घरी आणून वाटून घ्यायचा. दुकानाचं भाडं नाही, पडून राहणारा माल नाही, जाहिरात नाही. वाटपाचं काम आळीपाळीने घरच्यांनीच करायचं. बचत होते ती या अंगमेहनतीतून होते, कुणाच्या मेहेरबानीने नाही.

एकत्र घेतलं की भाव कुठवर उतरतो याचा आपल्या सगळ्यांच्या घरातला पुरावा म्हणजे एलईडी बल्ब. केंद्र सरकारने ‘उजाला’ योजनेसाठी हे बल्ब कोट्यवधींच्या संख्येने एकदम खरेदी करायला घेतले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्यात तंत्रज्ञान स्वस्त झाल्याचाही वाटा आहे, पण मोठी गोष्ट ही की मागणी करणारा एकच होता आणि आकडा प्रचंड होता.

आता आपल्याकडे काय चालतं बघा. बी विंगला सोमवारी प्लंबर येतो, नळाचा वॉशर बदलतो, फेरीचे पैसे घेतो. मंगळवारी तोच ए विंगला, परत फेरीचे पैसे. त्याचा काही दोष नाही, तो दोनदा आला. पण जिन्यात बोर्ड आहे, त्यावर एक कागद लावून महिन्याच्या एका रविवारी सगळ्यांची गळती-चोकअप एकदम काढली तर फेरी एकच होईल. इलेक्ट्रिशियनचं तेच, गिझर सर्व्हिसिंगचं तेच. आठ-दहा घरांचं काम एकदम मिळालं तर तोही खुशीने दर कमी करील, कारण त्याचाही दिवस भरतो.

इथे एक बाजूला जाऊन सांगतो. कारागिराला पिळून काढणं म्हणजे बचत नव्हे. आमच्या पिढीला प्रत्येक बिलातून पन्नास रुपये कमी करण्यात एक आनंद वाटतो. भर जुलैमध्ये, रात्री नऊ वाजता, लाइट नाही आणि टाकीचा पंप अडकलेला, तेव्हा भिजत येणारा माणूस हाच असतो. ज्याचे पन्नास रुपये दर वेळी कापले, तो त्या रात्री फोन उचलेल का? मजुरी आधी ठरवा, काम झाल्यावर घासाघीस करू नका, आणि पैसे त्याच दिवशी द्या. उधारी ठेवणाऱ्याचं काम सगळीकडे शेवटी होतं, हे मी कर्जखात्यांवरूनही सांगू शकतो.

किराण्याचं थोडक्यात. पाकिटावर एमआरपी असते ती जास्तीत जास्त किंमत, सर्व करांसहित. त्याहून कमीत मागायला लाजू नका, जास्त द्यायचा तर प्रश्नच नाही. अलीकडे त्याच पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतात तेही छापलेलं असतं. चष्मा लावून तेवढी ओळ वाचा. मोठा पुडा नेहमी स्वस्तच असतो असं नाही, आणि ‘वीस टक्के जास्त’ लिहिलेला पुडा मुळात लहान झालेला असू शकतो. गॅस सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे आणि काट्यावर ताडून घ्यायचं. वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात डिलिव्हरीवाल्याचा अपमान नाही.

आता मोठ्या वस्तू. पंखाच घ्या. जुना साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॉटचा. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६२ युनिट झाले. युनिटला दहा रुपये धरा, हिशेबाला सोपं, म्हणजे वर्षाला सोळाशे वीस रुपये. पंखा दीड हजाराने महाग पडला तरी वर्षभरात फिटला. पण हे दिवसभर चालणाऱ्या हॉलच्या पंख्याला लागू. पाहुणे आले की लागणाऱ्या खोलीतला जुना पंखा काढून फेकू नका. फ्रिजवरच्या स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते आधी बघा, दाराचा रंग नंतर.

हप्त्यांबद्दल मात्र मला बोलायलाच हवं, नाहीतर बँकेची भाकर खाल्ल्याचा उपयोग काय! ‘नो कॉस्ट ईएमआय’ असा बोर्ड असतो. समजा फ्रिज ३६ हजारांना, महिना तीन हजार, बारा हप्ते, व्याज शून्य. दुकानदाराला हळूच विचारा, रोख दिले तर किती? तो म्हणाला साडेतेहतीस, तर ते अडीच हजार म्हणजेच व्याज. आणि ते सात-साडेसात टक्के नव्हे, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते. मांडून पाहिलं तर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतं. वर प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. हप्त्याने घेऊ नका असं मी म्हणत नाही. गरजेला सगळेच घेतात. फक्त किती देतोय ते कळून घ्या. तसंच ‘दहा टक्के फ्लॅट’ ऐकून खूष होऊ नका, तीन वर्षांच्या कर्जाला तो दर घटत्या शिलकीवर जवळजवळ अठरा टक्के होतो.

‘बिल नको, तेवढाच जीएसटी वाचेल’ हे वाक्य ऐकलं की मी दुकानातून उठतो. बिल नाही म्हणजे वॉरंटीचा आधार नाही आणि तक्रारीचा पुरावा नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपल्यासारख्यांच्या सोयीची मोठी गोष्ट म्हणजे वस्तू दिल्लीच्या कंपनीकडून ऑनलाइन मागवली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. आणि वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून गुगलवर दिसेल त्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावू नका. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा बिलावरूनच घ्या. समोरचा अमुक ॲप टाका, दहा रुपये पाठवा म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३०. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो ते. गच्ची.

इमारत पंचवीस वर्षांची झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हॉलमध्ये पावसाळ्यात किती बादल्या लागतात ते सगळ्यांनी पाहिलंय. मे महिन्यात काम करायचं असं ठरतंय आणि तीन दरपत्रकं आली आहेत. जिन्यात चर्चा अशी की सर्वांत कमीचं घ्या आणि मोकळे व्हा. सात-आठ वर्षांपूर्वी एका विंगच्या गच्चीचं काम असंच सर्वांत कमी दराला बाहेरगावच्या एका ठेकेदाराला दिलं गेलं. अर्धे पैसे आगाऊ घेतले, केमिकलचे दोन हात मारले, पहिल्या श्रावणात पाणी परत खाली. फोन बंद. मग त्यावर दुसऱ्याकडून काम करून घेतलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मी तिन्ही दरपत्रकं वाचली. ती तीन वेगवेगळ्या कामांची आहेत! एकाने चौरस फुटाचा दर दिलाय पण कठड्याची आतली बाजू धरलेली नाही. दुसऱ्याने जुना कोबा काढून नवा करायचं लिहिलंय, पण राडारोडा कोण उचलणार ते नाही. तिसऱ्याने एकच मोठा आकडा टाकलाय, तपशील शून्य. अशांची तुलना होत नाही. आधी आपण आपलं मोजमाप करून एक कागद तयार करू: क्षेत्रफळ किती, भेगा कशा भरायच्या, स्लॅब आणि कठडा मिळतात तो कोपरा कसा करायचा, पाण्याचा उतार कुठे. पाणी बहुतेक त्या कोपऱ्यातून आणि पाइपाच्या भोवतीच शिरतं. मग तिघांनाही त्याच कागदावर दर भरायला सांगू. काम झालं की गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून खालून बघायचं. आणि निदान दहा टक्के रक्कम दिवाळीपर्यंत हातात ठेवायची. कोकणचा एक पावसाळा म्हणजे कुठल्याही गॅरंटी कार्डापेक्षा मोठी परीक्षा. आपल्याकडे बरेच जण वर पत्र्याची शेड टाकतात, तोही पर्याय आहे, पण त्याला परवानगी लागते आणि वादळाला पत्रे धरून ठेवील असा सांगाडा लागतो. तो दर वेगळा मागवावा.

पैशांचंही बोलू. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. पण तो खर्च पंचवीस वर्षांपूर्वीचा. फ्लॅटचा बांधकाम खर्च तीन लाख धरला तर दुरुस्तीला वर्षाचे २,२५० आणि सिंकिंगला ७५० रुपये. सिमेंट, वाळू, मजुरी आजच्या दराने आणि वर्गणी तेव्हाच्या, मग निधी पुरणार कसा? किमान म्हणजे तेवढंच असं कायदा सांगत नाही, सर्वसाधारण सभेला जास्त दर ठरवता येतो. मी पेन्शनर आहे, माझ्याही खिशाला तो लागणार आहे, तरी मी सभेत हात वर करणार. आणि पंधरा वर्षं उलटलेल्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. गच्चीवर खर्च करायच्या आधी ते करून घ्यावं, म्हणजे सळई कुठे गंजलीय ते कळल्याशिवाय वरून मलमपट्टी होणार नाही.

तिन्ही दरपत्रकांच्या झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्या आहेत. मोजमापाला येत्या रविवारी सकाळी आठ वाजता टेप घेऊन मी गच्चीवर असेन, ज्यांचे गुडघे चांगले आहेत अशा दोघा-तिघांनी यावं. आगोटीच्या तांदळाची आणि मसाल्याची एकत्र यादी करायला ए विंगमधल्या काकूंनी वही घातली आहे, नावं एप्रिलअखेरपर्यंत द्या. मुलं मेकअप करून केव्हाची थांबली आहेत.