न दिसणारे अपंगत्व

सिकलसेलचे पोर हातपाय धड असूनही अंगदुखीने शाळा चुकवते. कुंभिवलीसारख्या गावी आई म्हणेल, ‘माझं लेकरू अपंग नाही, दाखला कशाला?’ पण २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलियाही आहेत. अर्ज संगणकावर भरावा. तपासणी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात होते. तेथे रोगाचे नुसते नाव पुरत नाही, त्रासाचे माप टक्क्यांत ठरते. म्हणून रक्ताचा अहवाल अन् दवाखान्याचे सगळे कागद जपून न्यावेत. ४० टक्के भरले, की १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. उत्पन्नाच्या अटीत बसल्यास संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करता येतो. गुरुजी, हजेरीपटातले खाडे आपणच आधी पाहता. पोराला आळशी म्हणण्यापूर्वी आईबापांना एवढे सांगाच.