दा नांगला केव्हां जावें?

परदेशप्रवासाचें ठरलें म्हणजे आपल्याकडील कुटुंब प्रथम तिकिटाचे दर पाहतें, मग मुलांच्या सुट्या पाहतें. ज्या गांवीं जावयाचें तेथील पाऊस मात्र क्वचितच पाहतें. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रांत आभाळ निवळतें, म्हणून तें सर्वत्रच निवळत असावें असा समज होतो. व्हिएतनामच्या मध्यभागीं वसलेल्या दा नांग या समुद्रकांठच्या शहरासंबंधीं हा समज फार महाग पडतो.

दा नांगच्या पश्चिमेस चुआंग सोन पर्वताची रांग आहे. जून-जुलैंत नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपलें पाणी या रांगेपलीकडे टाकतात व कोरडे, तप्त होऊन अलीकडे उतरतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतां पूर्वेकडील माणदेश कोरडा राहतो, तसाच हा प्रकार. पुढें सप्टेंबरनंतर वारे फिरतात. ईशान्येचा वारा समुद्रावरून ओलावा घेऊन येतो, डोंगरास अडतो आणि दा नांगवर रिता होतो. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे तेथील भर पावसाचे महिने. वादळांचा हंगामही तोच. १ ऑक्टोबर २००६ रोजीं आलेल्या सांगसाने वादळानें या शहरांतील असंख्य घरांचीं छपरें उडविलीं. यास्तव दिवाळीचा मोह टाळून मार्च ते मे हा काळ निवडावा. जून-जुलैंत समुद्र शांत असतो, परंतु ऊन फार.

व्हिसा घरबसल्या मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसाची मुदत ९० दिवसांपर्यंत असते. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा आणि नांवाचें प्रत्येक अक्षर पासपोर्टाशीं ताडून पाहावें. तेथील चलन डाँग. २०,००० व ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असल्यामुळें घाईंत एकीऐवजीं दुसरी दिली जाते व पंचवीसपट दाम मोजावा लागतो. त्या वेगवेगळ्या खिशांत ठेवाव्या, हें उत्तम.

मी खे हा तेथील प्रसिद्ध किनारा. कोंकणांत सूर्य समुद्रांत बुडतो, येथें तो समुद्रांतून वर येतो. स्थानिक लोक पहाटें पांच वाजल्यापासून स्नानास जमतात. पाहुण्यांनींही तीच वेळ धरावी. दुपारची वाळू पाय भाजते. लाल निशाण दिसल्यास गुडघाभर पाण्यांतही उतरूं नये. ओढीच्या प्रवाहानें कोणी आंत खेंचला गेलाच, तर त्यानें किनार्‍याच्या दिशेनें झुंजूं नये, दम संपतो. किनार्‍यास समांतर पोहत ओढ टाळावी आणि मग परत फिरावें. मुलांना हें आधींच समजावून ठेवावें, कारण पाण्यांत समजावण्यास वेळ नसतो.

शाकाहारी मंडळींनीं एक शब्द पाठ करावा : 'चाय'. त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहारी अन्न. एरवीं भाजीच्या पदार्थांतही नुओक माम हा मासळीचा रस असतो. मात्र 'चाय' अशी पाटी असलेलीं भोजनगृहें तेथें आहेत, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या तिथीस तेथील अनेक बौद्ध कुटुंबें शाकाहार पाळतात. उपवासाचे वार पाळणार्‍या घरांस हें परकें वाटणार नाहीं.

समुद्रस्नानानंतर दुपार मोकळी राहते. ती हान नदीकांठच्या चाम शिल्पसंग्रहालयास द्यावी. १९१९ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत शेषशायी विष्णूच्या नाभींतून ब्रह्मदेव प्रकट होत असल्याचें शिल्प आहे. तें पाहून एक दिवस मी सोनला जावें. शहरापासून सुमारें ७० किलोमीटरवरील त्या दरींत चंपा राजांनीं शतकानुशतकें शिवमंदिरें बांधलीं. १९६९ सालच्या अमेरिकन बाँबवर्षावांत त्यांतील कित्येक ढासळलीं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानें तेथें दुरुस्तीचें काम हातीं घेतलें असतां २०२० सालीं एकाच पाषाणांत कोरलेलें शिवलिंग सांपडलें.

पावसाळ्यांत ही दरीही निसरडी होते आणि समुद्रही खवळलेला असतो. तेव्हां तिकीट काढण्यापूर्वीं दरपत्रकाआधीं पंचांग, आणि तेंही दा नांगच्या ऋतूंचें, पाहावें. महिना नीट निवडला म्हणजे बाकीच्या अडचणी किरकोळ ठरतात.